इंडोनेशियाची कोळसा-निर्यात आणि महाराष्ट्राची वीज

‘कोळसा’ हा शब्द मराठीत दोन भिन्न वस्तूंना लावला जातो. लाकूड कोंडून जाळून केलेला तो लोणारी कोळसा, आणि भूगर्भातून खणून काढलेला तो दगडी कोळसा. घरगुती व्यवहारास एवढा भेद पुरतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात मात्र ‘दगडी कोळसा’ हे नावही अपुरे ठरते. कारण त्या एका नावाखाली उष्णता, राख, ओलावा व गंधक यांच्या प्रमाणांत परस्परांहून फार भिन्न असलेले पदार्थ एकत्र येतात, आणि एका देशाचा कोळसा दुसऱ्या देशाच्या भट्टीत चालेलच असे नसते. हा भेद दृष्टीआड झाला म्हणजे निर्यातीच्या आकड्यांतून एक कोडे उभे राहते. ज्या भारताने २०२४-२५ या आर्थिक वर्षात १०४ कोटी टनांहून अधिक कोळसा काढला, त्याच भारताने त्याच वर्षी सुमारे २४ कोटी टन कोळसा परदेशांतून का आणावा?

हे कोडे केवळ व्यापाऱ्यांचे नाही. पुण्याच्या कोथरूड उपनगरात आज कोळसा दृष्टीस पडत नाही. घरोघरच्या शेगड्या गेल्या. ६ मार्च २०२२ रोजी वनाझ ते गरवारे महाविद्यालय या मार्गावर सुरू झालेली मेट्रो विजेवर धावते. परंतु ज्या जाळ्यातून ही वीज येते, त्यात चंद्रपूरच्या खाणींतील कोळशाप्रमाणेच समुद्रापलीकडील कोळशाचाही वाटा राहिलेला आहे. वीजबिलावरील ‘इंधन समायोजन आकार’ ही ओळ बहुतेक ग्राहक न वाचताच पैसे भरतात. इंधनाच्या व खरेदी केलेल्या विजेच्या खर्चातील चढउतार त्याच ओळीतून त्यांच्यापर्यंत पोहोचतात, आणि त्या चढउतारांचे मूळ कधीकधी जाकार्तातील एखाद्या सरकारी आदेशात असते. इंडोनेशियाची निर्यात कशी वाढली, महाराष्ट्राला तिची गरज का पडली आणि त्या अवलंबित्वाची किंमत काय पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईचा जुना अनुभव

परदेशी कोळशाशी मराठी मुलखाचा संबंध नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या, तेव्हा राणीगंज व झरिया येथील खाणी रेल्वेने हजार मैलांहून अधिक दूर होत्या. उलट इंग्लंडहून निघालेले जहाज सरळ मुंबईच्या धक्क्याला लागत असे. रेल्वेने आणलेल्या स्वदेशी मालापेक्षा समुद्रमार्गे आलेला परदेशी माल किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकास परवडावा, ही परिस्थिती तेव्हापासूनची आहे. मध्य प्रांतातील वरोऱ्याची सरकारी खाण जवळची खरी. पण तिचा पुरवठा मर्यादित होता आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. त्यानंतर बल्लारपूरची खाण पुढे आली.

पहिल्या महायुद्धानंतर देशात कोळशाची टंचाई भासू लागल्यामुळे १९२० मध्ये हिंदुस्थान सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले. त्यापूर्वी कोलंबो व सिंगापूर या बंदरांत जहाजांना हिंदी कोळसा मोठ्या प्रमाणावर पुरवला जात असे. निर्बंधांच्या काळात ते ग्राहक अन्यत्र वळले, आणि निर्बंध उठल्यावरही सहजासहजी परतले नाहीत. एवढ्यावरच हे थांबले नाही. दक्षिण आफ्रिकेतील नाताळचा कोळसा खुद्द मुंबईच्या बाजारात येऊन स्थिरावला. तेथील सरकार निर्यातीच्या कोळशास रेल्वेभाड्यात सवलत देत असे, आणि जहाजात भरण्यापूर्वी मालाची प्रत तपासली जात असे. हिंदी कोळशाबद्दल खरेदीदारांची मुख्य तक्रार होती ती नेमकी प्रतीच्या अनिश्चिततेची. फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या प्रश्नाची चौकशी केली, आणि तिच्या शिफारशींस अनुसरून १९२५ च्या कायद्याने कोळशाची प्रतवारी करणारे मंडळ स्थापन झाले.

याच सुमारास मुंबईची मागणीही बदलत होती. टाटांच्या जलविद्युत योजनांपैकी खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. सह्याद्रीतील पाण्यावर गिरण्यांची चाके फिरू लागली, आणि त्या प्रमाणात कोळशाचे गिऱ्हाईक उणे झाले. या दोन घटनांतून कोळसा-व्यापाराची दोन सूत्रे हाती लागतात. पहिले असे की, देशांतर्गत टंचाई भासताच निर्यातदार सरकार निर्यात रोखते, आणि परक्या गिऱ्हाइकाचा विचार शेवटी होतो. दुसरे असे की, दुसरा पर्याय हाती येताच गिऱ्हाईकही निर्यातदाराची वाट पाहत थांबत नाही. पुढील शंभर वर्षांत देश बदलले, बंदरे बदलली; पण ही दोन सूत्रे बदलली नाहीत.

इंडोनेशियाच्या निर्यातीची वाढ

इंडोनेशियात कोळशाचे उत्खनन डच अमलापासून चालत आले आहे. पश्चिम सुमात्रातील ओंबिलिन येथील खाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि सावाहलुंतो येथील त्या खाणकामाच्या अवशेषांना २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तथापि आजच्या निर्यातीचा पाया १९८० नंतरच्या दशकात घातला गेला. खनिज तेलावरील भार हलका करण्याच्या हेतूने सरकारने परदेशी कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे खाणकरार केले, आणि बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागात, म्हणजे कालिमंतानमध्ये, मोठ्या खुल्या खाणी उघडल्या.

या खाणींचे वैशिष्ट्य भूगोलात आहे. कोळशाचे थर भूपृष्ठाजवळ आहेत, आणि महाकाम, बारितो यांसारख्या रुंद नद्या समुद्राकडे जातात. खाणीतून निघालेला माल बार्जमध्ये भरून नदीमार्गे खाली नेता येतो आणि खाडीमुखाशी नांगरलेल्या मोठ्या जहाजात चढवता येतो. शेकडो मैलांची रेल्वे बांधण्याची गरज पडत नाही. खाणकामास व वाहतुकीस लागणारा खर्च असा दोन्ही बाजूंनी कमी असल्यामुळे उत्पादन झपाट्याने वाढू शकले. २००० साली ८ कोटी टनांच्या आत असलेले वार्षिक उत्पादन २०२४ मध्ये सुमारे ८३ कोटी ६० लाख टनांवर पोहोचले, आणि त्यांपैकी सुमारे ५५ कोटी टन माल निर्यात झाला. वजनाच्या हिशेबाने जगातील सर्वांत मोठा कोळसा-निर्यातदार म्हणून इंडोनेशिया ओळखला जातो. त्याचा पहिला ग्राहक चीन व दुसरा भारत होय.

या वाढीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. पूर्व कालिमंतानमधील सामारिंदा शहराच्या परिसरात काम संपल्यावर तसेच सोडून दिलेले खाणींचे खड्डे पाण्याने भरले आहेत, आणि त्यांत मुले बुडून मरण पावल्याच्या घटना घडल्या आहेत. आयात मालाच्या किमतीत या हानीचा हिशेब धरलेला नसतो.

प्रत, राख आणि अंतर

भारतात कोळसा विपुल असतानाही तो बाहेरून का आणावा लागतो, याचे उत्तर प्रत व अंतर या दोन गोष्टींत आहे. प्रथम प्रतीचा विचार करू. पोलादाच्या झोतभट्टीस लागणारा कोक ज्या कोळशापासून होतो, त्या कोकक्षम कोळशाची उत्तम प्रत भारतात पुरेशी नाही. ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडहून येते. रायगड जिल्ह्यातील धरमतर खाडीकाठच्या डोळवी येथील पोलाद कारखान्यासारख्या उद्योगांस ही आयात टाळता येत नाही. वीजकेंद्रांस लागणाऱ्या कोळशाची गोष्ट वेगळी आहे. तो भारतात मुबलक आहे. पण त्यात राख फार आहे.

भारतात १ जानेवारी २०१२ पासून कोळशाची प्रतवारी एकूण उष्णतामूल्यावर, म्हणजे एक किलोग्रॅम कोळसा जाळल्यास मिळणाऱ्या उष्णतेवर, केली जाते. या पद्धतीत सतरा प्रती आहेत. पहिल्या प्रतीत किलोग्रॅममागे ७,००० किलोकॅलरींहून अधिक उष्णता असते, तर सतरावी प्रत २,२०० किलोकॅलरींपर्यंत खाली येते. वीजकेंद्रांना मिळणारा बराचसा देशी कोळसा या मालिकेच्या मध्याच्या खालचा असतो, आणि त्यातील राखेचे प्रमाण ३५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असते. इंडोनेशियाहून येणाऱ्या ४,२०० किलोकॅलरींच्या प्रसिद्ध प्रतीत राख पाच टक्क्यांच्या आसपास असते. मात्र तिच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा निव्वळ पाणी असते.

एका युनिट विजेस २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते असे उदाहरणादाखल धरू. मग ३,६०० किलोकॅलरींचा व ४० टक्के राखेचा देशी कोळसा युनिटमागे सुमारे ६६७ ग्रॅम लागेल, आणि मागे सुमारे २६७ ग्रॅम राख उरेल. ४,२०० किलोकॅलरींचा व पाच टक्के राखेचा इंडोनेशियन कोळसा सुमारे ५७१ ग्रॅम लागेल, आणि राख ३० ग्रॅमही उरणार नाही. ओल्या कोळशाने बाष्पकाची कार्यक्षमता काहीशी घटते हे खरे. तरी दोहोंतील अंतर स्पष्ट आहे.

आता अंतराचा विचार करू. कोळशाच्या एका मालगाडीत सुमारे ४,००० टन माल असतो. त्यात ४० टक्के राख असेल, तर १,६०० टन राखच रेल्वेने वाहून नेली जाते, आणि तिचेही भाडे भरावे लागते. खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वीजकेंद्रास याची झळ लागत नाही. म्हणूनच २,९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र देशी कोळशावर चालणे स्वाभाविक आहे. खाणीपासून जसजसे दूर जावे, तसतसा राखेचा हा निष्फळ प्रवास महाग होत जातो. कोकण किनाऱ्यापर्यंत येताना तराजूचे पारडे उलटे झुकते. पनामॅक्स जातीचे एकच जहाज सुमारे ७५,००० टन, म्हणजे अठरा-एकोणीस मालगाड्यांचा माल, एका खेपेस आणते. तुर्भ्याचे केंद्र शहरवस्तीत असल्याने तेथे कमी राखेचा व कमी गंधकाचा इंडोनेशियन कोळसा वापरला जातो. आणि रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड येथील १,२०० मेगावॅटचे केंद्र बंदरालगत उभारले गेले तेच मुळी आयात कोळशाच्या हिशेबाने. १९९३ नंतर कोळशाच्या आयातीवरील परवान्यांचे बंधन सैल झाल्यावर किनाऱ्याकडचा हा कल दृढ होत गेला.

‘कायदा’ या शब्दाची किंमत

स्वस्त कोळशाच्या या हिशेबावर देशातील एक मोठा प्रकल्प उभा राहिला. कच्छमधील मुंद्रा येथील ४,००० मेगावॅटच्या अतिविशाल औष्णिक प्रकल्पासाठी निघालेल्या दरनिविदेत टाटा पॉवर कंपनीची प्रति युनिट सुमारे २ रुपये २६ पैसे ही सरासरी दराची बोली २००६ मध्ये यशस्वी ठरली. गुजरात, महाराष्ट्र, पंजाब, हरियाणा व राजस्थान या पाच राज्यांच्या वितरण कंपन्यांशी वीजखरेदीचे करार झाले, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा ७६० मेगावॅट होता. बोलीतील इंधनखर्चाचा काही भाग निर्देशांकानुसार वाढू शकत होता. उरलेला भाग पंचवीस वर्षांसाठी निश्चित केलेला होता. इंधनपुरवठ्याची तरतूद म्हणून टाटा पॉवरने २००७ मध्ये इंडोनेशियातील काल्तिम प्रिमा कोल व आरुत्मिन या खाणकंपन्यांत ३० टक्के भागभांडवल घेतले.

सप्टेंबर २०१० मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने नवा नियम केला. खाणकंपन्यांनी कोळसा परस्परांत ठरलेल्या भावाने विकावयाचा नाही. सरकार दरमहा जाहीर करील त्या संदर्भ-किमतीशी विक्रीचा भाव जुळला पाहिजे, आणि पूर्वीचे दीर्घ मुदतीचे करारही एका वर्षात त्यानुसार बदलले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. जागतिक भाव चढे असताना स्वस्त दराचे करार करून आपली खनिजसंपत्ती बाहेर जाऊ देणे त्या सरकारला मान्य नव्हते, आणि स्वतःच्या दृष्टीने ते सरकार चुकत होते असे म्हणता येत नाही. परंतु मुंद्रा येथील संपूर्ण हिशेब त्यामुळे कोसळला. खाणीतील भागीदारीमुळे कंपनीस चढ्या भावाचा काही लाभ मिळत होता, पण केंद्राचा तोटा त्यातून पूर्णतः भरून निघणारा नव्हता.

मार्च २०१३ पर्यंत प्रकल्पाचे पाचही संच सुरू झाले, आणि त्याच सुमारास वाद नियामक आयोगापुढे उभा होता. वाढीव खर्च कोणी सोसावयाचा, कंपनीने की पाच राज्यांतील ग्राहकांनी? उत्तर दोन शब्दप्रयोगांच्या अर्थावर अवलंबून होते. करारात ‘कायद्यातील बदल’ झाल्यास दर वाढवून मागण्याची सोय होती. तसेच ‘अपरिहार्य आपत्ती’ ओढवल्यास सवलतीची सोय होती. इंडोनेशियाने कायदा बदलला हे निर्विवाद होते. प्रश्न एवढाच होता की, करारातील ‘कायदा’ या शब्दाच्या कक्षेत परदेशाचा कायदा येतो काय?

केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१३ मध्ये ही दोन्ही कारणे अमान्य केली, परंतु आपल्या नियामक अधिकारात भरपाईचा मार्ग खुला ठेवला. विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाने एप्रिल २०१६ मध्ये त्याहून निराळा निर्णय दिला आणि ही अपरिहार्य आपत्ती असल्याचे मानले. अखेर ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. न्यायालयाच्या विवेचनाचा आशय असा की, शब्द सुटा घेऊन त्याचा व्यापकतम अर्थ लावता येत नाही. करारातील व्याख्या भारतात अमलात असलेले कायदे आणि भारतीय शासनसंस्था यांच्याभोवती रचलेली असल्याने ‘कायदा’ म्हणजे भारताचा कायदाच समजला पाहिजे. इंधन महाग होणे किंवा करार पाळणे जड जाणे ही अपरिहार्य आपत्ती नव्हे, असे तर करारातच लिहिलेले होते. देशी कोळशाच्या वाटपाच्या धोरणात २०१३ मध्ये झालेला बदल मात्र भारतीय कायद्यातील बदल म्हणून मान्य करण्यात आला, आणि देशी कोळशावर विसंबलेल्या केंद्रांना तेवढ्यापुरता दिलासा मिळाला.

अर्थविचाराच्या अभ्यासकांना या खटल्यात परिचित तत्त्वच आढळेल: शब्दाचा अर्थ कोशात नव्हे, तर वाक्यात व प्रसंगात निश्चित होतो. तथापि येथे त्या तत्त्वाचे मोल अब्जावधी रुपये होते. एका नामाची व्याप्ती भारताच्या सीमेपाशी थांबते की नाही, यावर पाच राज्यांतील विजेचा दर अवलंबून होता. निकालाने ग्राहकास संरक्षण मिळाले खरे. पण तोट्यात चालणारे केंद्र पूर्ण क्षमतेने वीज देईल, याची हमी कोणताही निकाल देऊ शकत नाही. ही उणीव पाच वर्षांनी उघड झाली.

२०२१ व २०२२ चा धडा

करोना साथीनंतर २०२१ च्या उत्तरार्धात उद्योग पूर्ववत होऊ लागले आणि जगभर विजेची मागणी एकदम वाढली. भारतात ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांपाशी सरासरी काही दिवस पुरेल एवढाच कोळसा उरला. त्याच काळात इंडोनेशियातही देशी वीजकेंद्रांचा साठा खालावला. तेथील खाणींवर उत्पादनाचा २५ टक्के भाग देशांतर्गत गरजेसाठी राखण्याचे बंधन होते, आणि देशी वीजकेंद्रांसाठी भावाची कमाल मर्यादा टनामागे ७० डॉलर होती. बाहेर त्याहून कितीतरी अधिक भाव मिळत असताना अनेक खाणकंपन्यांनी ते बंधन पाळले नाही. परिणामी १ जानेवारी २०२२ पासून सरकारने निर्यातच बंद केली. बंदी महिनाभरात टप्प्याटप्प्याने उठली; पण जगातील सर्वांत मोठा निर्यातदार एका आदेशाने बाजारातून अदृश्य होऊ शकतो, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. १९२० चे पहिले सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडते.

बाजार सावरण्यापूर्वीच फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. युरोपीय संघाने रशियन कोळशावर घातलेली बंदी ऑगस्ट २०२२ मध्ये अमलात आली, आणि युरोपातील खरेदीदार दक्षिण आफ्रिका, कोलंबिया, ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्याकडे वळले. २०२० च्या मध्यास टनामागे ५० डॉलरच्या आसपास असलेला ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदराचा भाव २०२२ मध्ये ४०० डॉलरच्या वर गेला. याच उन्हाळ्यात भारतात विजेची मागणी वाढली आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांना भारनियमनाला तोंड द्यावे लागले. ५ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने २००३ च्या वीज कायद्यातील अकराव्या कलमाचा आधार घेऊन आयात कोळशावरील सर्व केंद्रांनी पूर्ण क्षमतेने वीज निर्माण करावी असा आदेश काढला, आणि वाढीव इंधनखर्च दरात धरण्याची व्यवस्था केली. करारातील शब्दांनी जो भार ग्राहकांवर पडू दिला नव्हता, त्याचा काही भाग टंचाईने त्यांच्यावर आणून टाकला.

जागतिक मागणीची दिशा

एवढ्या तीव्र चढउतारांचे कारण कोळशाच्या बाजाराच्या रचनेत आहे. २०२४ मध्ये जगात सुमारे ८८० कोटी टन कोळसा वापरला गेला, आणि तो तोवरचा उच्चांक होता. त्यांपैकी देशोदेशींच्या सीमा ओलांडणारा कोळसा १५० कोटी टनांच्या आसपास, म्हणजे सुमारे सहावा हिस्सा आहे. उरलेला कोळसा ज्या देशात निघतो, त्याच देशात जळतो. एकट्या चीनचा वापर जगाच्या निम्म्याहून अधिक आहे. तो ४९० कोटी टन धरल्यास त्यात दोन टक्के घट होताच सुमारे १० कोटी टन मागणी कमी होते. चीनच्या दृष्टीने ही घट किरकोळ ठरेल. पण तिचा संपूर्ण भार आयातीवर पडला, तर ती इंडोनेशियाच्या निर्यातीच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतकी होते. निर्यात-बाजार हा असा काठावरचा बाजार आहे. मोठ्या ग्राहकाची देशी खाण भरभरून चालली की तो ओस पडतो, आणि ती कमी पडली की तेथे झुंबड उडते.

भारतातही हेच दिसू लागले आहे. कोळशाची आयात २०२३-२४ मध्ये सुमारे २६ कोटी ४५ लाख टन होती. ती २०२४-२५ मध्ये सुमारे २४ कोटी ३६ लाख टनांवर आली. देशी उत्पादन वाढले. शिवाय जानेवारी २०२५ च्या अखेरीस देशाची सौर वीजक्षमता एक लाख मेगावॅटवर पोहोचली. चीनची आयातही २०२४ च्या उच्चांकानंतर उतरली. परिणामी २०२५ मध्ये इंडोनेशियाचे उत्पादन व निर्यात ही दोन्ही आदल्या वर्षापेक्षा घटली. खोपोलीच्या पाण्याने १९१५ नंतर जे केले, तेच आता सूर्यप्रकाश करू पाहत आहे. मात्र सूर्यास्तानंतरची मागणी भागवण्यास साठवणीची सोय होईपर्यंत कोळशाचे काम संपत नाही.

निर्यातदारास याचा अर्थ काय, हे ब्रिटनच्या इतिहासावरून समजते. १९१३ मध्ये तेथील खाणींतून २८ कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला, आणि कार्डिफ हे जगातील अग्रगण्य कोळसा-बंदरांपैकी एक होते. पुढे जहाजे तेलावर चालू लागली, अन्य देशांनी खाणी उघडल्या, आणि ते वैभव ओसरत गेले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील ब्रिटनचे शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. कालिमंतानमधील खाणगावांपुढे हाच प्रश्न उद्या उभा राहणार आहे.

देशी पर्यायाची मर्यादा

आयात घटली म्हणजे प्रश्न सुटला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परदेशी कोळशाची जागा भरण्याचा भार महाराष्ट्रात प्रामुख्याने विदर्भावर पडतो. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर स्थापन झालेल्या व नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीने २०२३-२४ मध्ये सुमारे ६ कोटी ९० लाख टन कोळसा काढला. त्यात मध्य प्रदेशातील खाणींचाही वाटा आहे. चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांतील खुल्या खाणींसाठी शेतजमिनी जातात, आणि वर दाखविल्याप्रमाणे देशी कोळशावरील प्रत्येक युनिटमागे राखही अनेक पटींनी अधिक उरते. २००९ मध्ये चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. सामारिंदाची हानी जशी आयातीच्या भावात दिसत नाही, तशी चंद्रपूरची हानीही पुण्यातील वीजबिलात दिसत नाही. भेद एवढाच की, दुसरी आपल्याच राज्यात घडते आणि तिच्याविषयी दाद मागण्याची जागाही आपल्याच राज्यात आहे.

समारोप

या सर्व विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कोणत्याही देशाची कोळसा-निर्यात ही त्याच्या स्वतःच्या गरजेतून उरलेली शिल्लक असते. म्हणून निर्यातीचा कल पाहताना निर्यातदाराचे उत्पादन, त्याची देशी मागणी आणि त्याचे कायदे ही तिन्ही एकत्र पाहिली पाहिजेत. केवळ बंदरावरचे आकडे पुढील वर्षाविषयी फारसे काही सांगत नाहीत. दुसरी, दीर्घ मुदतीच्या करारात परदेशी कायद्याची जोखीम कोणाकडे राहील, हे नि:संदिग्ध शब्दांत लिहिले गेले पाहिजे. मुंद्रा प्रकरणात हे न्यायालयाला सांगावे लागले, आणि सांगून झाल्यावरही टंचाईच्या वेळी तेवढे पुरले नाही. तिसरी, स्वस्त इंधन आणि खात्रीचे इंधन या दोन वेगळ्या वस्तू असून व्यवहारात त्यांना एकच नाव दिले जाते. १९२० च्या सुमारास सिंगापूरच्या गिऱ्हाइकाने हा भेद हिंदी कोळशाबाबत ओळखला. महाराष्ट्राने तो २०१० नंतर इंडोनेशियन कोळशाबाबत ओळखला. यापुढे कोणत्याही इंधनाचा करार करताना त्याचा भाव कोणत्या देशाच्या कायद्याने बदलू शकतो, ही गोष्ट आधी पाहिली गेली, तर ही ओळख सार्थकी लागली असे म्हणता येईल.